फूल आणि दोन पाने : १९६७ चा जनमत कौल आणि पेडणे-डिचोलीचे मत



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आम्हांला इतिहास शिकवीत असत. सनावळ्यांची घोकंपट्टी त्यांना फारशी रुचत नसे. एखादी लढाई किंवा तह शिकवून झाला की हरलेल्या पक्षाचे म्हणणे काय होते, हे ते हटकून विचारीत, आणि वर्गात बहुधा शांतता पसरे. आजचा विषय मी त्यांच्या या प्रश्नाला स्मरून निवडला आहे.

विषय आहे १६ जानेवारी १९६७ रोजी झालेल्या जनमत कौलाचा, ज्याला आपण सगळे ‘ओपिनियन पोल’ म्हणूनच ओळखतो. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळा राहावा, एवढा एकच प्रश्न मतदारांपुढे होता. विलीनीकरणाची निशाणी फूल, वेगळेपणाची दोन पाने. दोन पाने जिंकली. तो दिवस आता ‘अस्मिताय दीस’ म्हणून साजरा होतो आणि त्या दिवशीच्या भाषणांतून विजयाची कथा सांगितली जाते. ती सांगितली जावी, याविषयी माझी तक्रार नाही. परंतु आपण ज्या भागात बसलो आहोत, त्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांत, तसेच सत्तरी व फोंड्यात, त्या दिवशी बहुमत फुलाच्या बाजूने होते. आज या सभागृहात बसलेल्यांपैकी अनेकांच्या आजोबा-आजींनी फुलाला मत दिले असेल. त्यांच्याविषयी दोनच गोष्टी ऐकू येतात. एक तर ते बिचारे भुलले, किंवा त्यांना गोव्याविषयी आपुलकीच नव्हती. ही दोन्ही विधाने पुराव्याला धरून नाहीत, असे माझे मत आहे, आणि ते आपल्यासमोर मांडण्याचा माझा प्रयत्न आहे.

प्रथम आकडे पाहू, कारण या प्रकरणात आकडेच बरेच काही बोलतात. मतदारांची एकूण संख्या ३,८८,४३२ होती. त्यांपैकी ३,१७,६३३ जणांनी, म्हणजे शेकडा सुमारे ८२ मतदारांनी, मतदान केले. दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मते मिळाली. उरलेली बाद झाली. फरक ३४,०२१ मतांचा. ज्यांना हा फरक मोठा वाटतो, त्यांनी थोडा हिशेब करावा. अवघ्या १७,०११ मतदारांनी पाने सोडून फूल निवडले असते, तर निकाल उलटला असता. तेव्हा गोव्याचे विधानसभा मतदारसंघ २८ होते. म्हणजे एका मतदारसंघामागे सरासरी सहाशेच्या आसपास माणसे. खेड्यातल्या जत्रेच्या एका रात्री याहून कितीतरी अधिक माणसे जमतात.

ही चुरस कशी निर्माण झाली, ते समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. डिसेंबर १९६३ मध्ये पहिली विधानसभा निवडणूक झाली. त्या निवडणुकीत काँग्रेससारख्या देशव्यापी पक्षाला गोव्याच्या भूमीवर एकही जागा मिळाली नाही. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला आणि भाऊसाहेब बांदोडकर पहिले मुख्यमंत्री झाले. डॉ. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष विरोधात बसला. मगो पक्षाच्या नावातच त्याचे उद्दिष्ट होते. १९६५ मध्ये गोवा विधानसभेने विलीनीकरणाचा ठराव केला आणि महाराष्ट्रातूनही त्याला साथ मिळाली. विधानसभेत बहुमत होते, ठराव झाला होता. मग विलीनीकरण का झाले नाही?

या प्रश्नाचे उत्तर एका साध्या पण फार महत्त्वाच्या मुद्द्यात आहे. निर्णय कोणी करावयाचा, आणि मते कशी मोजावयाची? विधानसभेने करावयाचा असेल, तर तो झाल्यातच जमा होता. डॉ. सिक्वेरांनी हे अचूक ओळखले. हा प्रश्न आमदारांच्या बहुमतावर सोडू नये, तो थेट जनतेला विचारावा, हा आग्रह त्यांनी दिल्लीत धरला. काँग्रेसचे पुरुषोत्तम काकोडकर यांनीही आपले वजन त्याच पारड्यात टाकले. डिसेंबर १९६६ मध्ये जनमत कौलाचा कायदा झाला. निःपक्षपातीपणासाठी सरकार बाजूला व्हावे, ही विरोधकांची मागणी होती. भाऊसाहेबांनी ३ डिसेंबर १९६६ रोजी राजीनामा दिला आणि प्रचाराच्या काळात कारभार केंद्राकडे गेला. हातातली सत्ता सोडून अशा कसोटीला सामोरे जाणे सोपे नव्हते. भाऊसाहेबांच्या राजकारणाशी ज्यांचे पटत नाही, त्यांनीही याची नोंद घ्यावी. मुंबईत राहणाऱ्या गोवेकरांनाही मताधिकार द्यावा, अशी मागणी होती. ती मात्र मान्य झाली नाही.

‘कौल’ हा शब्द आपल्या लोकांना नवा नव्हता. देवळात देवाला पाकळ्या लावून कौल घ्यायचा आणि तो ज्या बाजूने मिळेल तो मुकाट्याने मानायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. त्यात निशाणीही फूलच! मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. आमच्या वाड्यावरच्या अक्षरओळख नसलेल्या म्हाताऱ्या बायकांना या मतदानातले बारकावे कोणी समजावून सांगावे लागले नाहीत, एवढे मला पक्के आठवते. असो.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. पेडणे आणि डिचोलीने फूल का निवडले?

गोव्याचा नकाशा दोन काळांत शिवलेला आहे. तिसवाडी, बारदेश आणि सासष्टी या जुन्या काबिजादी सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांच्या ताब्यात होत्या. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या नव्या काबिजादी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्याकडे गेल्या. पेडणे तर अगदी शेवटी, १७८८ मध्ये. त्याआधी या भूमीवर सावंतवाडीकर भोसल्यांचा अंमल होता. येथील धर्माला, देवस्थानांना आणि रीतिरिवाजांना हात लावणार नाही, असे आश्वासन नव्या राज्यकर्त्यांना द्यावे लागले. त्यामुळे सासष्टीने जे अडीचशे वर्षे सोसले, ते पेडण्याने सोसले नाही. येथे देवळे राहिली, कीर्तन राहिले, पोथ्या राहिल्या, आणि त्यांच्याबरोबर मराठीही राहिली. घरात बोलायची कोकणी आणि वाचायची, गायची, नाटकात म्हणायची मराठी, अशी व्यवस्था येथे पिढ्यान्‌पिढ्या चालली. डिचोली तालुक्यातील नार्वे येथील सप्तकोटेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये केला, ही गोष्ट येथील माणसाला पुस्तकात वाचावी लागत नाही.

दुसरी बाब सोयरिकीची. पेडण्याच्या उत्तरेला तेरेखोल नदी आहे. तिच्या पलीकडे शिरोडे, वेंगुर्ले. पत्रादेवीच्या नाक्यापलीकडे बांदे, सावंतवाडी. लग्ने तिकडे, बाजार तिकडे, देवाची भेट तिकडे. उलट पणजीला जायचे म्हणजे शापोरा ओलांडायची, बारदेश पार करायचा आणि बेतीहून फेरीबोटीने मांडवी. १९६७ मध्ये पणजीजवळ मांडवीवर पूल नव्हता. राजधानी दूर आणि मामाचे गाव जवळ, अशी ही स्थिती होती. त्यात १९५४ नंतरच्या आर्थिक नाकेबंदीच्या काळात ही सीमा एकाएकी कठोर झाली. एकाच कुळाची माणसे दोन्ही बाजूंना अडकली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. जी रेषा रक्ताने माखलेली ज्यांनी पाहिली, त्यांना ती पुसून टाकावीशी वाटली, तर त्यात गोव्याशी वैर कोणते?

तिसरे आणि माझ्या मते सर्वांत वजनदार कारण जमिनीचे आहे. अस्मितेच्या चर्चेत ते नेहमी मागे पडते. भाटकार आणि मुंडकार हे शब्द आज तरुणांना कायद्याच्या कागदात भेटतात; त्या काळी ते दिवसरात्र भेटत. घर भाटकाराच्या जमिनीत, शेत भाटकाराचे, आणि उठ म्हटले की उठायचे. पेडण्यात जमिनीचा फार मोठा भाग मोजक्या घराण्यांच्या हातात एकवटलेला होता. पलीकडे, जुन्या मुंबई राज्यात, कूळकायदा १९४८ मध्ये झाला होता. त्यात पुढे झालेल्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला आणि कसणाऱ्या कुळाला मालकीची वाट मोकळी झाली. नदीपलीकडचा मेहुणा कसतो त्या जमिनीचा मालक झाला आणि अलीकडचा मात्र कूळच राहिला. गोव्यात १९६४ मध्ये कुळांना संरक्षण देणारा कायदा झाला खरा, पण मालकी त्यात नव्हती. तेव्हा फुलाला मत म्हणजे सातबाऱ्यावर नाव, असा अर्थ कुळाने लावला असेल, तर त्याला भुललेला म्हणता येणार नाही. त्याने आपल्या हिताचा विचार डोळसपणे केला होता. गोव्यातील जमीनदार वर्गाच्या मुठीतून सुटण्याची ती वाट होती, आणि बहुजन समाजाला ती भाऊसाहेबांनी दाखविली होती.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही तितक्याच आस्थेने ऐकले पाहिजे. अन्यथा मी गुरुजींचा विद्यार्थी नव्हे. सासष्टीच्या ख्रिस्ती शेतकऱ्याला एका प्रचंड राज्याच्या कोपऱ्यात आपण नगण्य होऊ, ही भीती वाटत होती. महाराष्ट्रात दारूबंदी होती. माडाची सूर काढणाऱ्या रेंदेराला आणि काजूची भट्टी लावणाऱ्याला आपला चरितार्थ बुडेल अशी धास्ती होती. ही धास्ती हिंदू-ख्रिस्ती असा भेद करीत नव्हती. मुक्तीनंतर महाराष्ट्रातून प्रतिनियुक्तीवर अधिकारी आले होते. पुढे साऱ्याच नोकऱ्या बाहेरच्यांना जातील, असे सुशिक्षित तरुणांना वाटू लागले. आणि या सर्वांवर कोकणीचे प्रेम. रवींद्र केळेकर, मनोहरराय सरदेसाई, उल्हास बुयांव, शंकर भांडारी अशी मंडळी गावोगाव फिरली.

येथे एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. विलीनीकरणाच्या विरोधातले सर्वांत प्रभावी वर्तमानपत्र मराठी होते! मडगावचे ‘राष्ट्रमत’. चंद्रकांत केणी त्याचे संपादक, आणि उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर लोक तुटून पडून वाचीत. समोर पणजीचा ‘गोमंतक’, बा. द. सातोस्करांसारख्या व्यासंगी संपादकाच्या हाताखाली, विलीनीकरणाच्या बाजूने उभा. दोन मराठी दैनिकांनी मराठीतच हे युद्ध लढविले. तेव्हा फूल म्हणजे मराठी आणि पाने म्हणजे मराठीचा द्वेष, ही वाटणी टिकत नाही. दुसरी गंमत आपल्या अंगणातली. आधुनिक कोकणीचे जनक म्हणून ज्यांना मान मिळतो, ते शणै गोंयबाब, म्हणजे वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर, यांचा जन्म १८७७ मध्ये डिचोलीचा. कोकणीच्या अस्मितेचा पाया घालणारा पुरुष ज्या डिचोलीने दिला, तिनेच नव्वद वर्षांनी फुलाला बहुमत दिले. भूमी एकच मत घेऊन जन्माला येत नाही.

धर्माच्या आधारे या निकालाचे स्पष्टीकरण करणाऱ्यांनी लोकसंख्या पाहावी. गोव्यात त्या वेळी हिंदूंचे प्रमाण सुमारे तीन-पंचमांश होते. दोन पानांना वैध मतांपैकी साडेपंचावन्न टक्के मते मिळाली. सारे ख्रिस्ती पानांकडे गेले असे धरले, तरी हजारो हिंदूंनी पाने निवडल्याशिवाय ही बेरीज जुळत नाही.

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याशी येतो. जानेवारीत फूल हरले. त्यानंतर दोन महिन्यांतच, मार्च १९६७ अखेरीस, विधानसभेची निवडणूक झाली आणि मगो पक्षाचा सिंह पुन्हा जिंकला. ३० पैकी १६ जागा मगोला, १२ युनायटेड गोवन्सना. भाऊसाहेब पुन्हा मुख्यमंत्री झाले. या उलथापालथीला ‘गोवेकराचा विक्षिप्तपणा’ म्हणण्याची प्रथा आहे. लोकांना विलीनीकरण नको होते पण भाऊ हवे होते, असेही म्हटले जाते. त्यात तथ्य आहे. फुलाला नाकारून सिंहाला मत देणारे मतदार निश्चित होते. परंतु आकडे शेजारी-शेजारी ठेवून पाहा. जानेवारीत फुलाला वैध मतांच्या साडेचव्वेचाळीस टक्के मते पडली आणि ते हरले. मार्चमध्ये मगोला सुमारे ४० टक्के मते पडली आणि तो पक्ष जिंकला. म्हणजे हरताना मते अधिक आणि जिंकताना कमी! गोवेकराचे मन दोन महिन्यांत फिरले, असे गृहीत धरण्याची गरज किती उरते? मोजण्याची रीत मात्र फिरली होती. विधानसभेत ज्याची आघाडी, त्याचा मतदारसंघ. विरोधातली मते अपक्षांत आणि युनायटेड गोवन्सच्या फुटलेल्या गटांत विखुरली की चाळीस टक्क्यांत राज्य येते. कौलात सारा गोवा हाच एक मतदारसंघ होता, बाजू दोनच होत्या, आणि सासष्टीतल्या मताच्या प्रचंड राशी पेडण्या-डिचोलीच्या आघाडीला गिळून उरल्या.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नव्हे. अमेरिकेत २००० साली अध्यक्षपदाची निवडणूक झाली. देशभरात अल गोर यांना प्रतिस्पर्ध्यापेक्षा पाच लाखांहून अधिक मते जास्त होती. परंतु तेथे राज्यवार मोजणी होते. फ्लोरिडा या एका राज्यात सुमारे साठ लाख मतांमध्ये अवघ्या ५३७ मतांच्या फरकाने जॉर्ज बुश पुढे राहिले आणि त्या एका राज्यावर अध्यक्षपद ठरले. कॅनडातील क्वेबेकमध्ये ऑक्टोबर १९९५ मध्ये वेगळे होण्याचा प्रश्न थेट जनतेला विचारला गेला. तेथे ‘नाही’ची बाजू शेकडा ५०.५८ मतांनी तरली. अशा निकालानंतर हरलेल्या निम्म्या माणसांनी जायचे कोठे? ती त्याच गावात राहतात, त्याच पंचायतीत बसतात.

पेडणे आणि डिचोलीची माणसे कोठेही गेली नाहीत. त्यांनी कौल मानला. भाऊसाहेबांनीही तो मानला आणि १२ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत वेगळ्या गोव्याचाच कारभार पाहिला. खेड्यापाड्यांत मराठी प्राथमिक शाळांचे जाळे पसरले ते याच काळात. आपल्यापैकी अनेकांची पाटी-पेन्सिल त्या शाळांतली आहे. आणि ज्या जमिनीसाठी कुळाने फुलावर शिक्का मारला होता, तिचे काय झाले? मुंडकारांना घराचे संरक्षण देणारा कायदा १९७५ मध्ये झाला. १९७६ मध्ये कूळकायद्याच्या पाचव्या दुरुस्तीने कसणाऱ्याला मालकी दिली. तेव्हा शशिकला काकोडकर मुख्यमंत्री होत्या, पक्ष मगोच होता, आणि विधानसभा गोव्याची होती, म्हणजे दोन पानांनी राखलेली. फुलाची मागणी पानांच्या घरात मंजूर झाली, असे म्हटले तर चालेल. अंमलबजावणी पूर्णपणे झाली असे मी म्हणणार नाही. मामलेदार कचेरीत ज्यांनी वर्षानुवर्षे हेलपाटे घातले, ते येथे बसलेले आहेत आणि ते मला हसतील.

भाषेचा प्रश्न मात्र कौलाने सुटला नाही. तो १९८७ पर्यंत धगधगत राहिला. त्या वर्षी ४ फेब्रुवारीला राजभाषा कायदा संमत झाला. देवनागरी कोकणी राजभाषा झाली, आणि मराठीचाही शासकीय कामकाजात वापर करता येईल अशी तरतूद त्यात राहिली. ३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झाला. त्या तरतुदीचा अर्थ काय, यावर आजही वाद होतात. ते वाद कौलाच्या चौकटीत बसवून पाहण्याची सवय आपण सोडली, तर पुष्कळ गोष्टी स्पष्ट दिसतील असे मला वाटते. १९६७ मध्ये भाषा हा एक मुद्दा होता. जमीन, नोकरी, दारूबंदी, नदीपलीकडची सोयरीक हेही मुद्दे होते, आणि मतपत्रिकेवर मात्र जागा दोनच होत्या.

या शाळेतील विद्यार्थ्यांना मी एक काम सुचवितो, आणि मुख्याध्यापकांनी ते मनावर घ्यावे. १९६७ मध्ये मतदान केलेली माणसे आता ऐंशीच्या घरात किंवा त्यापुढे आहेत. त्यांच्याकडे जाऊन, त्यांनी काय निवडले हे न विचारता, का निवडले एवढेच विचारावे आणि त्यांच्याच शब्दांत, कोकणीत सांगितले तर कोकणीत, मराठीत सांगितले तर मराठीत, वहीत उतरून घ्यावे. प्रत्येक वाड्यावर अशी दोन-चार घरे सापडतील. पेडण्यात कुळांची घरे आधी गाठावीत, डिचोलीत खाणीवर राबलेल्यांची; आणि भाटकारांची घरेही वगळू नयेत, कारण त्यांच्याही मनात त्या दिवशी बरेच काही होते.

 कोणाला काही विचारावयाचे असल्यास मी येथेच थांबलेला आहे.